रॉडावर फोडिलेल्या नारळाची बखर

श्री. लोखंडास गंज न चढो, वाचणारास आयुष्य लाभो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, वैशाख शुद्ध पंचमी, ते दिवसापासोन खडीच्या राज्यात जो अनर्थ मांडला तो जैसा जाहला तैसा लिहितो; ज्यास झोंबेल त्यास झोंबो. राज्य म्हणजे एक डोंगर, डोंगर खाणारी एक पोकलेन, तीवर पन्नास घरांच्या चुली, आणि सर्वांवर सरकार, म्हणजे खाणीचे खावंद. त्या पोकलेनीचा हात ज्या नळकांड्याच्या बळे उचलतो त्यातोन रुपेरी रॉड आतबाहेर करितो, आणि रॉडाच्या गळ्याशी रबरी सील असते, ते आतील तेल कोंडून धरिते. ते सील चार वर्षे चाकरी करोन झिजले, तेल पाझरू लागले, आणि भरले बकेट वर धरावे तो आपसूक खाली उतरू लागले. मग सरकारांनी सटवाजी पांचाळास आज्ञा केली. सटवाजी राज्याचा फिटर, पंचवीस वर्षांचा चाकर, बोलणे थोडे, हात सोन्याचा. त्याने बकेट भुईस टेकविले, तेलाचा दाब सोडिला, गळा उघडोन रॉड बाहेर काढिला, आणि खाचेस ओरखडा न जावा म्हणोन पितळी आकड्याने जुने सील उपसिले, मग नवे सील ऊन तेलात मऊ करोन, काजूसारखे दुमडोन, त्याचा ओठ, म्हणजे पातळ कड, तेलाकडे करोन खाचेत बसविले आणि यंत्र उभे करोन दिले. येथवर सर्व यथास्थित. मग सरकार पूजेस आले आणि वाटोळे जाहले.

सरकारांची रीत ऐसी की, नारळ दगडावर न फोडता रॉडावरच फोडावा. कां, तर सर्वांत चकाकते तेथे देवाचा वास, आणि एका घावात फुटला म्हणजे मनगटाची कीर्ती चहूंकडे. फुटला. नारोपंत कारभारी यांनी "वाहवा सरकार" म्हणोन ते पाणी डोळ्यांस लाविले. चौथे दिवशी तेल पाझरले. सटवाजीने पुन्हा सील घातिले, आणि पुन्हा पूजा, आणि पुन्हा नारळ, आणि सहावे दिवशी पुन्हा पाझर. मग नारोपंतांनी पन्नासही माणसे उभी करविली आणि सर्वांदेखत म्हणाले, "सटवाजी, अस्सल सील बाजारात विकतोस आणि नकली आत घालतोस. मुकाट कबूल हो." सटवाजीचे अंगाची लाही लाही जाहली. पंचवीस वर्षांत ज्याने खाणीचा एक बोल्ट घरी नेला नाही, त्यास चोर म्हणावे, आणि म्हणणारा कोण, तर ज्यास पाना कोणत्या बाजूने धरितात तेही ठाऊक नाही. तरी तो इतकेच बोलला, "पंत, गळा पुन्हा उघडतो. मग बोला."

उघडिला तो सील एकाच अंगास कापलेले. मग सटवाजीने रॉड पुसोन स्वच्छ केला आणि वरपासोन खालपर्यंत नख फिरविले, आणि एके जागी नख अडले. त्याने पंतांस बोलावोन त्यांचे बोट तेथे टेकविले. "लागतंय का नखाला? ही खोच नारळाची आहे. रॉड आत जाताना दर खेपेस इथंच सीलाचा ओठ कापला जातो." पंतांचे नख अडले, हे सटवाजीने डोळ्यांनी पाहिले. पंतांनी बोट धोतरास पुसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सरकारांच्या हातच्या नारळानं खोच पडली, हे मी सरकारांना सांगू? तुला वेड लागलंय. आता घालशील ते सील शेवटचं. पाझरलं तर चोर तूच, आणि मी स्वतः तुला ठाण्यात नेऊन बसवतो." म्हणजे या गृहस्थास सर्व कळले होते. कळोन चोर म्हणत होता. जळो तो कारभार आणि जळो ती पगडी.

मग सटवाजीने तेलदगडाने ती खोच दिवसभर घासली, नख अडेनासे जाहले तेव्हा हात थांबविला, आणि तिसरे सील घातिले. सरकार आले, हळदकुंकू जाहले, नारळ हाती घेतला. सटवाजी हात जोडोन म्हणाला, "सरकार, एवढी खेप दगडावर फोडावा." सरकार हसले. "तुझ्या चोरीपायी देवाची रीत मोडू काय आम्ही?" आणि हात उगारिला. तेव्हा सटवाजी पुढे जाहला, उगारल्या हातातोन नारळ काढोन घेतला आणि खालच्या दगडावर आपटोन फोडिला. "सरकार," तो म्हणाला, "मनगट आपलं थोर आहे. रॉडाला ते सोसत नाही." सरकारांचा चेहरा लाल जाहला. त्याच पावली सटवाजीस राज्याबाहेर घातिले, हत्यारांची पेटीही त्यानेच डोक्यावर घेतली, कोणी हात लाविला नाही.

पुढे वैशाख गेला, पाऊसकाळ गेला, आणि सीलातोन तेलाचा थेंब आला नाही. मग खंडेनवमीस सरकारांनी सर्वांस जमवोन सांगितले की, आम्हांस स्वप्नी दृष्टांत जाहला, आजपासोन नारळ रॉडावर न फोडता दगडावर फोडावा. पंत "वाहवा सरकार" म्हणाले. त्याच पंतांनी दप्तरी लिहिले होते, "सील चोरीवरोन दूर केला," आणि ते लिहिणे खोडिले नाही. सटवाजी दुसऱ्या खाणीस काम मागावयास गेला, तो चोर हे नाव तेथे त्याच्या आधी पोहोचले होते.

तात्पर्य हे की, सील टिकले, रीत सुधारली, सरकारांची कीर्ती वाढली, आणि दृष्टांत ऐकणारे आम्ही पन्नास जण आपापल्या पायांकडे पाहत उभे राहिलो. सटवाजी चोर नव्हे, हे एकाही तोंडातोन निघाले नाही. त्यात हे लिहिणाराचेही तोंड होते.