पायऱ्या गाळल्या

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात फुकट चहा पिऊन वर चहाला मार्क देणारा माणूस सगळ्या नांदेडात एकच, प्रल्हाद सर. "उत्तर बरोबर हाय. पण पाणी उकळायच्या आधीच पत्ती टाकलीस. पायऱ्या गाळल्या. दहापैकी चार." शेजारच्या लग्नात, साखरपुडा झालाच नाही हे कळल्यावर, त्यांनी भर पंगतीत नवरदेवाला पाच दिले होते. तेव्हापासून सरांना आमंत्रणं जरा कमीच येतात.

किनवटला तीस वर्षं गणित शिकवून सर निवृत्त झाले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. घरात चार ट्रंका, त्यांत तीस वर्षांच्या चाचण्यांचे तपासलेले पेपर. रद्दीवाला आला की दारातच अडवायचे. "रद्दी न्हाई, पुरावा हाय."

मग कुठल्याशा शिकवणीवाल्यांनी पेपर तपासायला यंत्र आणल्याचं त्यांच्या कानावर आलं आणि सर पेटले. "ते एकाच्या बाजूनं झुकलं तर लेकरानं कुणाकडं जायचं? न्यायी यंत्र गणितातूनच निघतंय. मी बनवून राहिलो."

सत्तरीत हा माणूस मोबाइलवर धडे बघून कॉम्प्युटर शिकला. मला वाटलं, आठ दिवसांचं खूळ. पण चारही ट्रंका माझ्या दुकानात आल्या आणि माझा स्कॅनर वर्षभर त्यांचाच झाला. स्कॅन करण्याआधी प्रत्येक पेपरावरच्या नावावर आणि गावावर ते कागदाची पट्टी डिंकानं चिकटवत. "नाव झाकलं, गाव झाकलं, की न्याय झाला."

"सर, चिकटवता कशाला? नुसता कागद धरा ना वर."

"माणसाचा हात कधी न कधी हलतोच."

जुने पेपर आणि त्यांवरचे मार्क बघून यंत्र हळूहळू तपासायला शिकलं. एका दुपारी सरांनी कौतुकानं त्याला लाल शाई वगळून स्कॅन केलेला एक पेपर दिला. पाचही उत्तरं बरोबर. यंत्रानं मार्क दिले पंचवीसपैकी सात.

"सात?" सर खुर्चीतून उठलेच. "कुणी बिघडवलं ह्याला? अन्याय हाय हा!"

मी ट्रंकेतून मूळ कागद काढून दिला. त्यावर लाल शाईत, सरांच्याच अक्षरात, सात. खाली शेरा: पायऱ्या गाळल्या.

सरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. एकच पान, त्यावर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक अक्षर. पट्टीखालचं नाव वाचायची गरजच नव्हती. "ही सुनंदा. वसतिगृहातली. गणितात राहिली न् शाळा सोडली." मग त्यांनी यंत्राला एका पानात संपलेले पेपर एकामागून एक दाखवले. सगळ्यांना तसेच मार्क. शिकवलं होतं तसंच ते वागत होतं.

दुसऱ्या दिवशी सर रेल्वेनं किनवटला गेले. सुनंदा आता त्याच वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. परत आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "विचारलं तिला, पायऱ्या का गाळायचीस? हसली. म्हणली, सर, चाचणीला कागद आपापला आणायचा असायचा. माझ्याकडं एकच राहायचा. पायऱ्या मनातच करायची."

"तुम्हाला तेव्हा कळलं नाही?"

"कधी विचारलंच न्हाई."

मला सरांचा राग आला. खरंच आला. तीस वर्षं हा माणूस शिकवत होता, एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण त्यांचा चेहरा बघून मी स्टूल पुढे सरकवलं.

यंत्र बंद करून ठेवलंय. सर रोज दुकानात येतात, वाटीत पाणी घेऊन बसतात आणि पट्ट्या भिजवतात. एकेका लेकराला गाठून सांगायचं आहे म्हणे, तुझं गणित बरोबर होतं. डिंक मात्र चांगला निघाला. पट्टी ओढली की खालचं नावही तिच्याबरोबर सोलून निघतं.

काल मी चहा ठेवला आणि मुद्दाम विचारलं, "सर, किती मार्क?"

त्यांनी चहाकडे बघितलंच नाही. ओला कागद दोन्ही हातांनी उजेडाकडे धरून म्हणाले, "ह्याचंबी नाव गेलं रे. पण एकच पान हाय. वसतिगृहातलंच लेकरू."