सासूबाईंचं झाड आणि अर्धी घासलेली साखळी

करवतीच्या साखळीचे अर्धे दात घासून झाले आणि म्हाताऱ्याने ठरवलं, जेवून जरा आडवं व्हावं. सगळं बिघडलं ते तिथून.

म्हातारा जन्मभर झाडं पाडत आला. मशीनच्या करवतीचे दात तो फक्त गोल कानशीने घासायचा, म्हणून लोक त्याला गोलदादा म्हणत. जावई त्याच धंद्यातला, पण चौकोनी कानसवाला. त्या दिवशी सकाळपासून दोघांची जुंपली होती.

"मामा, चौकोनी कानशीचा दात निम्म्या वेळात कापतो."

"आणि जरा माती लागली की बसतो. गोल कानशीचा दिवसभर टिकतो."

"कापायलाच दिवस लागतो. न टिकून करतो काय?"

काम घरचंच होतं. मागच्या बाजूचं वाळलेलं झाड निजायच्या खोलीवर झुकलं होतं. ते म्हाताऱ्याच्या सासूने लावलेलं. ती त्या खोलीच्या खिडकीत बसून म्हाताऱ्याचं काम बघायची. बोलायची काहीच नाही. (बोलली असती तर परवडलं असतं.) ती गेली आणि झाड वाळलं. त्यावर पाखरू बसत नसे. वारा नसताना ते आतून करकरायचं. लाकूड तडकतंय, असं म्हातारा म्हणे. पण म्हणताना खिडकीकडे बघत नसे.

"एक कौल जरी फुटलं," बायकोने बजावलं होतं, "तर करवत जावईबापूंच्या हाती. तुम्ही घरी बसा."

म्हातारा झोपून उठला तर दोन्ही बाजूंचे दात चकाकत होते. त्याने घासले होते एकाच बाजूचे. की दोन्ही? कोणाला विचारावं, तर म्हातारा विसरायला लागला म्हणतील. 'आपणच घासले,' असं त्याने मनाला ठणकावलं.

बाहेर धुकं उतरलं होतं. कुत्रं अंगणाच्या कडेला थांबलं, पुढे येईना. झाडाखाली एक ओंडका घराकडे तोंड करून पडला होता. करवत तपासायला म्हाताऱ्याने त्यावर काप घेतला. काप सरळ जाईना. करवत हळूहळू वळली. घराकडे.

दुसरा काप घेतला. तोही घराकडे. हाताला जाणवलं, कोणीतरी पातं धरून ओढतंय. त्याने ओंडका उलटा फिरवून लावला. पुन्हा घराकडेच.

त्याने मशीन बंद केली. झाड करकरलं. आणि निजायच्या खोलीची खिडकी, सावकाश, एकटीच उघडली.

म्हाताऱ्याने करवत खाली ठेवली. बायको आणि जावई मागे उभे आहेत, हे तो विसरला. "सासूबाई," तो हात जोडून म्हणाला, "चुकलंमाकलं पोटात घाला. तुमच्या लेकीवर यापुढे आवाज चढवणार नाही. कध्धी नाही. जावयाची ती चौकोनी कानससुद्धा वापरीन. पण करवत सोडा!"

जावयाला राहवेना. "मामा, तुम्ही झोपलात तेव्हा उरलेले दात मी घासले. माझ्या कानशीने. एक बाजू गोल, एक चौकोनी. करवत तिखट बाजूला ओढणारच."

"मीच सांगितलं त्यांना," बायको म्हणाली. "म्हटलं, निम्मं तुमचं, निम्मं त्यांचं. भांडण मिटेल."

"मग ओंडका फिरवला तरी घराकडेच कशी?"

"ओंडका फिरवलात," जावई म्हणाला. "तुम्ही कुठे फिरलात? पलीकडे उभं राहून कापलं असतं तर रानाकडे वळली असती."

म्हाताऱ्याने गरजायला तोंड उघडलं.

"आईला आत्ता काय शब्द दिलात?" बायकोने शांतपणे विचारलं.

तोंड मिटलं. सगळी साखळी चौकोनी कानशीने घासली गेली, तीही म्हाताऱ्याच्याच हातून. झाड निम्म्या वेळात पडलं, घराच्या उलट बाजूला. कौल एकही फुटलं नाही. खिडकी लावायला बायको आत गेली, तेव्हा खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. आत कोणीच नव्हतं; तिने खिडकी लावली आणि कडी पुन्हा घातली.

खुंट मात्र बायकोने काढू दिला नाही. म्हाताऱ्याचा आवाज जरा वर गेला की ती नुसती खुंटाकडे बघते.

काल त्याला तलफ आली. त्याने एकदा खुंटाकडे पाहिलं, आवाज आवरला आणि अगदी हळू विचारलं, "चहा मिळेल का?"

"ऐकू येत नाही," आतून बायको म्हणाली, "जरा मोठ्याने बोला की!"