डुंबरे सरांचं हलकं मन

डुंबरे सर लग्नाला जाताना आहेर विसरतील, पण ताट विसरणार नाहीत. राजुरीला एका विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नात मी पंगतीत त्यांच्या शेजारी बसलो होतो. वाढपी थर्माकोलच्या पत्रावळी टाकत आला, तशी सरांनी पिशवीतून स्टीलचं ताट, वाटी आणि पेला काढून मांडला. सगळी पंगत आमच्याकडे बघायला लागली. नवरीचे चुलते धावत आले.

"सर, काय चुकलं का आमचं?"

"तुमचं नाही, पत्रावळीचं चुकलं," सर म्हणाले आणि थर्माकोलवर बोलत सुटले. मसालेभात गार झाला. मी मान खाली घालून बुंदी चिवडत राहिलो. जेवण झाल्यावर सर मांडवामागच्या नळावर स्वतःचं ताट घासायला बसले, तेव्हा तर चुलत्यांना रडूच यायचं बाकी होतं. पाव्हण्याला भांडी घासायला लावली, ही गोष्ट भावकीत वर्षभर पुरली असती.

सर आमच्या कॉलेजात पर्यावरण शिकवतात, मी मराठी. आमच्या भाड्याच्या खोल्याही भिंतीला भिंत लागून. त्यामुळे बाजारात त्यांच्याबरोबर जाण्याचं माझ्याच नशिबी येतं. समोरून कोणी ओळखीचं आलं, की सर आधी त्याच्या पिशवीकडे बघतात, मग तोंडाकडे. पिशवी प्लास्टिकची असली की भर रस्त्यात विचारतात, "भाऊ, आज मन हलकं की जड?" भाऊ गोंधळतो. मी शेजारच्या दुकानातल्या बादल्यांचे भाव विचारू लागतो.

"कमी वापरा, हलके व्हा!" हे त्यांचं ब्रीद. जो पृथ्वीवर कमी भार टाकतो त्याच्या मनावरचा भार आपोआप उतरतो, असं त्यांचं ठाम मत. दर सोमवारी वर्गात एकेकानं उभं राहून सांगायचं, आठवड्यात काय कमी वापरलं आणि मनाला कसं वाटलं. त्याला मार्कही असायचे. पोरं हुशार. उत्तर कोणतं हवंय ते त्यांनी केव्हाच ओळखलं होतं.

"सर, पंखा लावला नाय. मन हलकं झालं."

"सर, मी तर अंघोळच केली नाय. मन नुसतं उडतंय!"

वर्ग खिदळायचा. सर मात्र गहिवरून "शाब्बास!" म्हणायचे.

पर्यावरणाच्या कार्यक्रमात त्यांनी सोनालीला स्टेजवर बोलावलं. सोनाली शिंगाडे बारावीतली. लोणीच्या पलीकडच्या वस्तीवरून चालत येणारी, मेंढपाळाच्या घरातली, अबोल मुलगी. सरांनी तिची पिशवी हातात घेऊन उंच धरली.

"ही बघा! आईच्या जुन्या साडीची पिशवी! हिच्याकडे गाडी नाही, मोबाईल नाही, कपडे मोजके. आणि चेहऱ्यावर बघा, किती समाधान! वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. सरांनी माइक तिच्यापुढे धरला. "सांग बाळ, कसं वाटतं मनाला?"

ती त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिली. सर माइक धरून तसेच हसत उभे. मग ती म्हणाली, "लाज वाटती, सर."

सरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"आमच्या घरी नाय म्हणून मी वापरत नाय. असतं तर वापरलं असतं. पिशवी कशाची हाय, ते पोरींना म्हाईत नव्हतं. आता तुमी सांगितलं."

तिनं पिशवी घेतली आणि ती खाली उतरली. माइक चालूच होता. त्यातून सरांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. लग्नात, बाजारात इतक्या वेळा मान खाली घातली होती, पण ती माझी अब्रू सांभाळायला. आज तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

सोमवारी सोनाली आली नाही. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "मार्कांसाठी नाही. खरं काय वाटतं, ते सांगा."

मग अंघोळ न करणारा तो पोरगा उठला. "सर, टँकर येत नाय तवा आई सगळ्यांवर खेकसती. तवा कुणाचंच मन हलकं नसतं."

एक मुलगी म्हणाली, "आमच्या बांधावरची चिंच तोडली. मला लई रडू आलं व्हतं. झाडासाठी रडती म्हणून हसतील, म्हणून कुणाला सांगितलं नाय."

हे सगळं सरांनीच मला कॉलेज सुटल्यावर सांगितलं. मग म्हणाले, "माझ्याबरोबर वस्तीवर चला. एकट्याला जमणार नाही."

वस्तीवर सोनालीची आई मेंढरांच्या वाड्यात कोकरांना दूध पाजत होती. वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले. सोनाली दारात आली आणि तिथेच थांबली.

"माझं चुकलं, सोनाली," सर उभ्याउभ्याच म्हणाले. "चारचौघांत चुकलो, तर माफीही चारचौघांत मागायला हवी. पण मग सगळे पुन्हा तुझ्याकडेच बघतील. म्हणून इथं आलो."

आईला यातलं काही ठाऊक नसावं. तिनं घोंगडी अंथरली, चहा केला आणि पाव्हण्याला विचारतात तसं सहज विचारलं, "सर, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"कोणी नाही." सर कपाकडे बघत राहिले. भिंतीपलीकडे राहूनही मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं. "बायको वारली. तिच्या वस्तू घरात दिसायच्या, झोप लागायची नाही. मग एकेक देऊन टाकली. कपाट दिलं, पलंग दिला. प्रत्येक वेळी जरा हलकं वाटायचं. मला वाटलं, सगळ्यांनाच तसं वाटत असेल."

आईनं पदर तोंडाला लावला. कोकरं तेवढी ओरडत होती.

सोनाली दारातून पुढं आली.

"च्या गार झाला, सर," ती म्हणाली. "द्या इकडं. गरम करून आणती."