कटकातले खंडोपंत

मधुसूदनरावांच्या लेकीने, वैदेहीने, ऑफिसातला उडिया मुलगा पसंत केला तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "आपल्यातला नाही." निवृत्तीनंतर त्यांना घराण्याचा इतिहास खणायचं खूळ लागलं नसतं, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण यमुआत्या नेहमी सांगायची, "आपले मूळपुरुष खंडोपंत कटकात जन्मले." एका दुपारी मधुसूदनरावांच्या डोक्यात उजेड पडला. कटक ओडिशात, म्हणजे खंडोपंत उडिया, म्हणजे आपणही उडियाच. त्यांनी लगेच लग्नाला होकार देऊन टाकला.

सर्वपित्रीला नागपुरातल्या मनीषनगरच्या आपल्या घराच्या गच्चीवर त्यांनी खंडोपंतांसाठी उडिया पद्धतीचा पखाळ, म्हणजे पाण्यात आंबवलेला दहीभात, वाढला. कावळे आले. कठड्यावर ओळीने बसले, पण एकही शिवेना, एकही ओरडेना. वारा पडलेला होता, तरी पत्रावळीची एक कड हळूच वर-खाली होत होती. मधुसूदनरावांनी हात जोडले.

"हे काय वाढून राहिला गा मधू?" जवळच्या बेसा गावाहून आलेल्या यमुआत्याने विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं.

"अरे, कटक म्हणजे फौजेचा तळ. बाप भोसल्यांच्या फौजेत, पोरगं तळावर झालं. आन् गाव असतं तरी? तू धंतोलीच्या दवाखान्यात जन्मला, तुले कोणी डॉक्टर म्हणते का?"

तिने शेजारी आपला नागपुरी वडाभात ठेवला. कावळे हलले नाहीत.

"म्हणजे आपण उडिया नाहीच," मधुसूदनराव म्हणाले. "मग वैदेहीचं ते लग्न..."

पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या वैदेहीचे डोळे भरून आले. तेवढ्यात कठड्यावरचे सगळे कावळे एकदम मधुसूदनरावांकडे वळले. त्यातला एक म्हातारा उतरून त्यांच्या पायाशी आला आणि मान वाकडी करून बघत राहिला.

"काही इच्छा राहिली असन त्यायची," आत्या कुजबुजली. "कबूल कर लवकर."

मधुसूदनरावांची बोबडी वळली. "क... करून देतो. त्याच मुलाशी करून देतो लग्न."

कावळा वळला. वडाभात ओलांडून तो पखाळाकडे गेला आणि सावकाश जेवू लागला.

मग मधुसूदनरावांनी हळूच विचारलं, "आत्या, तो तळ कुठं पडला होता? आन् खंडोपंतांची आई कुठली होती?"

"मले कोणी सांगितलं नाही," आत्या पदराने मान पुसत म्हणाली. "त्यायलेच विचार ना, जेवून राहिले तोवर."