मुखवटेवाल्याची जांभई

त्या वर्षी युसूफ वडगाव या गावात पाण्याचा टँकर तीन दिवसांतून एकदा यायचा, पण तंबूतला सिनेमा रोज. किराणा दुकानदार धुळाजीशेठनं एकदा बायकोला, शिवकन्येला, सिनेमाला नेलं आणि आपल्या हातानं घरात भांडण आणून बसवलं.

सिनेमात काळ्या मुखवट्याचा एक घोडेस्वार होता. तलवार फिरवायचा, गरिबाला सोडवायचा, खिडकीतून उडी टाकून पसार व्हायचा. शिवकन्या तीनदा जाऊन आली. मग शेठ डाळ तोलायला लागले की ती त्यांच्याकडं बघून सुस्कारे सोडायला लागली.

"काय त्येची मांड! काय त्येची कंबर!"

(शेठची कंबर चव्वेचाळीस. मांड म्हणाल तर गल्ल्यावरची, तीही गादी घालून.)

शेठ आतून लई जळाले. पण पडद्यावरच्या माणसाशी भांडणार कसं?

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी सुंदरराव भली मोठी जांभई देऊन म्हणाले, "शेठ, त्यो पिच्चर एका जुन्या कादंबरीवरून काढलाय. मराठीत हाय, आपल्याच सोसायटीच्या कपाटात."

शेठ चौथी पास. पुढचं सगळं शिक्षण पुड्या बांधायच्या रद्दीवर झालेलं. पण धंद्यातलं एक त्यांना पक्कं ठाऊक होतं. सिनेमा म्हणजे पॉलिश केलेली डाळ. खडे बघायचे तर मूळ पोतंच फोडावं लागतं.

चार दिवसांत खडा सापडला, आणि तोही केवढा! मुखवटा उतरवला की हा वीर निव्वळ ऐदी. दिवसभर जांभया देतो, उन्हाला भितो, पायात काटा मोडला तर पालखी मागवतो. शेठला हर्ष मावेना. टँकरच्या दिवशी घागरींच्या रांगेपुढं उभं राहून त्यांनी ते पान मोठ्यानं वाचलं.

"ऐका! ह्यो तुमचा वाघ! दिवसा निस्ता लोळतोय!"

मग शेजारची म्हातारी रतनबाई हळूच म्हणाली, "म्हंजी दिवसा जो लई आळशी, त्योच आतून मर्द?"

"तसं न्हाई, रतनबाई..."

"तसंच की! वळखू येऊ ने म्हणून सोंग करतोय त्यो."

बायकांच्या नजरा फिरल्या. टँकरच्या चाकाला टेकून, तोंडावर रजिस्टर घेऊन सुंदरराव डुलक्या देत होते.

"गेल्या आठवड्यात माज्या दारात चाऱ्याच्या दोन पेंढ्या आल्या," रतनबाई म्हणाली. "कुणी टाकल्या असतील?"

"ट्रकातनं पडल्या त्या!" शेठ ओरडले. "मी दुकानातून बघितलं!"

"तुमाला दुसऱ्याचं चांगलं बघवत न्हाई," शिवकन्या म्हणाली. "म्हणून बोलताव."

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत शिवकन्येच्या हातचा आल्याचा चहा जाऊ लागला. साखर शेठच्याच दुकानातली. सुंदरराव जांभई देत तो प्यायचे, आणि ही जांभईसुद्धा पुरावा म्हणून जमा व्हायची. पहिला वैरी निदान तंबू गुंडाळून केजला गेला असता. ह्याचं ऑफिस तर दुकानाच्या अगदी समोर!

शेवटी शेठनं ठरवलं, आळसच लागतो ना? मग आपण काय कमी आहोत? ते गल्ल्यावर आडवे झाले. गिऱ्हाइकांनी आपल्या हातानं माल तोलून नेला (आणि माप फार सढळ पडलं). शेठ मात्र जांभयांवर जांभया देत राहिले.

तिसऱ्या दिवशी शिवकन्या दुकानात आली आणि त्यांच्याकडं टक लावून बघत उभी राहिली. डोळे अर्धे मिटून, जमेल तेवढं गूढ हसून, शेठनं आजवरची सगळ्यात मोठी जांभई दिली.

"काय कळतंय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"कळतंय की." शिवकन्येनं पदराआडून एरंडेलाची वाटी काढून त्यांच्यापुढं ठेवली. "अवो, सुंदररावांनी जांभई दिली की वाटतं, आत कायतरी दडलंय. तुमी दिली की निस्ती पडजीभ दिसती."