जावयाची दाढ

धोंड्याच्या महिन्यात जावयाची दाढ दुखावी, यासारखा वैताग दुसरा नाही. पिंगळीला सासुरवाडीत आदिनाथ पाटावर बसला आणि पुरणाचे धोंडे, अनारसे, वरून तुपाची धार बघून त्याला फक्त रडायचंच बाकी राहिलं.

दीड वर्षापूर्वी दिवाळीत बायकोने, राणीने, त्याच्या दाढेवर काळा ठिपका पाहिला होता. "तीळ अडकलाय," म्हणून त्याने विषय मिटवला. संक्रांत येऊन गेली, तरी तीळ निघाला नाही. पुढे गार पाण्याने कळ येऊ लागली, तर हा कोमट पिऊ लागला. गोडाने ठणकू लागलं, तर दुसऱ्या बाजूने चावू लागला. शेवटी ज्वारीचा दाणा मावेल एवढं भोक पडलं. जिंतूरच्या खताच्या दुकानात दिवसभर उभं राहून बिचारा इतका शिणायचा, की डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचा, "बघू सोमवारी." असे किती सोमवार गेले, देव जाणे.

बरं, नको म्हणायची सोय नव्हती. मागच्या धोंड्यात थोरले जावई भुजंगराव, अंगठी हलकी निघाली म्हणून भरल्या ताटावरून उठले होते. तेव्हापासून थोरली लेक माहेरी आली नव्हती. म्हणून एसटीतच राणीने बजावलं होतं, "काय बी करा, पण ताटात टाकू नका. आईनं लय धसका घेतलाय."

आदिनाथने पहिला घास घेतला. गरम पुरण थेट भोकात गेलं आणि कळ कानापर्यंत चढली. त्याने हातातला उरलेला धोंडा गुपचूप ताटात ठेवला.

"कामून खायनात हो जावई?" सासूबाई सारजाबाईंनी विचारलं.

"पोट भरलं, मामी."

"एका घासात?"

शेजारच्या पाटावरून सासरे लिंबाजी म्हणाले, "कापडं पसंत पडली न्हाईत का?"

"पडली की, मामा. लय चांगली हायेत."

सारजाबाई लगबगीने आत गेल्या आणि अंगठीची डबी घेऊन आल्या. "जड हाय बरं का. वजन करून घ्या पायजे तर."

"मामी, अंगठी नको मला!"

"मंग गाडी पायजे का?" सारजाबाईंनी डबी त्याच्या ताटाशी ठेवली. "ही बी लेक तुटली म्हणा की आता!"

राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आदिनाथला आता लाज, मान, सगळ्याचाच कंटाळा आला. मोबाइलचा उजेड तोंडात पाडून त्याने जबडा उघडला. "दाढ किडलीय वो! हे बघा!"

सारजाबाई वाकल्या. "आगं बया! दाढ हाय का उखळ!" मग मटकन खाली बसून हसत सुटल्या. "राणे, माझा जावई रुसला न्हाई गं, नुसता किडलाय!"

डोळे पुसत त्या मिठाचं पाणी तापवायला आत गेल्या. राणीही पाठोपाठ गेली. तेवढ्यात लिंबाजी आदिनाथकडे सरकले.

"परभणीला डॉक्टरकडं कवा जायलात?"

"उद्या सकाळीच, मामा."

"मलाबी न्या." त्यांनी गालाला हात लावला. "सा म्हैने झाले. जावयाच्या पंगतीला सासऱ्यानंच हात आखडला तर बरं दिसत न्हाई, म्हणून न चावता गिळायलोय. आता मातर जाईना."

सारजाबाई तांब्या घेऊन दारात आल्या. दोन्ही ताटं भरलेली आणि दोघांचे हात मांडीवर.

"राणे," त्या दमून म्हणाल्या, "आता तुझ्या बापाला काय पायजे, ते इचार बाई."