शून्य नवे रुग्ण, हद्दीत

येत्या एक डिसेंबरपर्यंत आमच्या शहरात एचआयव्हीचा एकही नवा रुग्ण राहणार नाही, असा ठराव एड्स निर्मूलन समितीने चहा यायच्या आधीच एकमताने मंजूर केला. मी समितीचा सचिव. हा ठराव रोगाला कसा कळवायचा, तेवढं ठरायचं राहिलं.

रोगाने सहकार्य केलं नाही. तपासणी केंद्रातल्या समुपदेशक सत्यशीलाताई नको इतक्या प्रामाणिक होत्या. महिन्याला चार-दोन नवे रुग्ण शोधून त्या आमच्या मेहनतीवर पाणी फिरवत. शेवटी अध्यक्ष सोमेश्वरसाहेबांनी तोडगा काढला. "आज सापडला म्हणजे आधी कवातरी झालेला असणार. आधी झाला तो जुना. बराबर?"

बिलकुल बराबर होतं. नव्या रुग्णांचं रजिस्टर सीलबंद करून कपाटात ठेवलं आणि पेढे वाटले.

पुढच्याच मंगळवारी सुरेखा आली. पाचवा महिना, पहिलटकरीण. तपासणीत एचआयव्ही निघाला. आजपासून रोज गोळ्या घेतल्या तर बाळ बहुतेक सुखरूप राहील, असं सत्यशीलाताईंनी समजावलं तेव्हा तिने डोळे पुसले आणि ती औषधाच्या खिडकीशी गेली. खिडकीवाल्याला तिचं नाव जुन्या रुग्णांत दिसलं. त्याने नियमाप्रमाणे जुनं औषधपुस्तक मागितलं.

"दादा, मला आत्ताच तर कळलं. जुनं पुस्तक कुठून आणू?"

"हरवलं असंल. घरी बघा."

"मंग नवं द्या."

"नवं पुस्तक नव्या रुग्णाला. शहरात नवा रुग्णच न्हाई."

सुरेखा खिडकीशी रडत उभी राहिली. मागच्या रांगेने तिला बाजूला व्हायला सांगितलं.

सत्यशीलाताईंनी तीन पत्रं लिहिली. तिन्हींना मी सुवाच्य अक्षरात उत्तरं दिली. यात दोन महिने गेले. मग ताई थेट आढावा बैठकीत शिरल्या.

"साहेब, मी दोन महिन्यांपासून हेच सांगून राह्यले. गोळ्या न्हाई भेटल्या तर लेकरालाबी होईल!"

साहेबांना घाम फुटला. उद्या जन्माला येणाऱ्या बाळाला जुना रुग्ण दाखवायचं कसं? एका पोरापायी शून्य जाणार! मग साहेबांनी विचारलं, "पहिलं बाळंतपण माहेरीच अस्तं ना? तिचं माहेर कुठलं?"

"तीर्थपुरी."

"म्हणजे हद्दीच्या बाहेर!"

आपले रीतिरिवाज असे ऐन वेळी कामाला येतात.

सातव्या महिन्यात समितीने सुरेखाची जाहीर ओटी भरली. रुग्णाचं नाव गोपनीय ठेवायचं असल्याने फलकावर फक्त तिचा फोटो छापला. महिला सदस्यांनी हातमोजे घालून खण-नारळ दिला. मग आम्ही सगळे तिला बसस्टँडवर सोडायला गेलो.

"साहेब, ओटी भरली, पण गोळ्या न्हाई दिल्या," सुरेखा म्हणाली.

"तिकडं पोचलीस की तू नवी. मंग गोळ्याच गोळ्या."

"आन् हे दोन महिने? हे कोण भरून देणार?"

साहेबांनी फोटोग्राफरकडे पाहिलं. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. मग बस हलली आणि आम्ही हात हलवले.

एक डिसेंबरला शहर शून्यावर आलं. सत्कार झाला, फेटे बांधले. सुरेखाला मुलगी झाली. ती आता तीन आठवड्यांची आहे. आणखी तीन आठवड्यांनी एचआयव्हीच्या तपासणीसाठी तिच्या टाचेतून रक्त घेतील, तेव्हा काय ते कळेल.

समितीचा तुम्हाला राग आला असेल. येऊ द्या. पण खरं सांगा, सुरेखाचा रिपोर्ट ऐकल्यावर तुमच्या मनात आधी काय आलं? लेकराचं काय होईल, की हिला हे लागलं कुठून? दुसरं आलं असेल तर या. समितीत एक जागा रिकामी आहे, आणि अनुभवाची अट तुम्ही पूर्ण केलेलीच आहे.